गाळलेले दोन ठोके

जुन्या फायली पुन्हा वाचायचं काम पद्मजाने आपण होऊन मागून घेतलं होतं. मिरजेच्या त्या हृदयरुग्णालयात ती अठरा वर्षं इको काढत होती. छातीवर जेल लावायचं, बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवायचा आणि पडद्यावर धडधडणारं हृदय पाहायचं, यात तिचं जवळजवळ निम्मं आयुष्य गेलं होतं. यंदा रुग्णालयाने नवी संगणक-प्रणाली आणली. सगळे तिला नुसतं ‘वाचक’ म्हणत. माणसाच्या नजरेतून सुटलेलं वाचक जुन्या चित्रांतून हुडकून काढी. गेल्या अकरा वर्षांत ज्यांच्या हृदयाच्या स्नायूत वण आहे असं निदान झालं होतं, अशा चारशे बारा जणांची मूळ चित्रं वाचकापुढे पुन्हा ठेवायची आणि निकाल बदलला तर डॉक्टरांना कळवायचं, असं ते काम होतं.

यादीतलं अडतिसावं नाव आपल्या धाकट्या भावाचं, नंदूचं आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ती फाइल दुसऱ्या कुणी उघडू नये असं तिला वाटत होतं. का वाटत होतं, हे तिने स्वतःला विचारलं नव्हतं.

मंगळवारी दुपारी ती फाइल आली. वाचकाला ती वाचायला अर्धं मिनिट लागलं.

‘अभिनंदन मगदूम, वय तेवीस. स्नायू किंचित जाड. पूर्वीचा निष्कर्ष: हृदयाच्या मधल्या पडद्यात वण. आताचा निष्कर्ष: वण नाही.’

त्याखाली बारीक अक्षरात आणखी दोन ओळी होत्या. ‘पाच ठोक्यांपैकी दोन तंत्रज्ञाने हाताने वगळले. नोंदवलेले कारण: श्वासामुळे हालचाल. चित्रात हालचाल आढळत नाही.’

तंत्रज्ञाच्या नावापुढे तिचीच आद्याक्षरं होती. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, “मॅडम, एसी कमी करू का? तुम्ही पदर लपेटून बसलात.”

“कर,” पद्मजा म्हणाली.

पद्मजा पंधरा वर्षांची असताना तिचे वडील गेले. आप्पा सांगलीच्या मार्केट यार्डात तोलाईदार होते. त्या दिवशी ती त्यांचा डबा घेऊन गेली होती. वजनकाट्यापाशी उभ्या असलेल्या आप्पांनी तिला लांबून पाहिलं, हात वर केला, आणि तो हात खाली यायच्या आत ते हळदीच्या पोत्यांवर कोसळले. एकेचाळीस वर्षांचा धडधाकट माणूस. कधी सर्दीपडशानेही न निजलेला. लोक म्हणाले, उन्हाचा झटका. कुणी म्हणालं, करणी. नंदू तेव्हा नऊ वर्षांचा होता. स्मशानातून आल्यावर त्याने तिला विचारलं होतं, “अक्का, आता मला शाळेत कोण सोडणार?” त्या दिवसापासून ती सोडू लागली.

खरं कारण कळायला सात-आठ वर्षं गेली. पद्मजा रुग्णालयात लागली आणि तिथल्या डॉक्टर सबनीसांनी बहीणभावांचं रक्त तपासून घेतलं. हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याचा आनुवंशिक आजार आप्पांना होता. आईबापांपैकी एकाला असला की प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी असते, नाणं उडवावं तशी. पद्मजाचं नाणं सुलटं पडलं होतं, नंदूचं उलटं. आपण सुटलो आणि तो अडकला, याची एक बारीक टोचणी तिला तेव्हापासूनच होती.

या आजारात सगळेच काही मरत नाहीत. कित्येक जण नातवंडं खेळवून जातात. घात करतो तो वण. निरोगी हृदयात स्नायूच्या पेशी नीट रचलेल्या विटांसारख्या एकीला एक लागून असतात. या आजारात त्या वेड्यावाकड्या लागतात, मधल्या काही मरतात, आणि त्यांच्या जागी चिवट, निर्जीव धागा भरतो. जखम भरल्यावर कातडीवर राहतो तसाच वण, पण हृदयाच्या आत. हृदयाला चालवणारी वीज तिथे अडते, वळसा घेते आणि कधीतरी त्या वणाभोवती भोवऱ्यासारखी फिरत राहते. मग हृदय आकुंचन न पावता नुसतं थरथरतं आणि दोन-चार मिनिटांत माणूस जातो.

हा वण पूर्वी फक्त महागड्या एमआरआयमध्ये दिसे, आणि त्यासाठी पुण्या-मुंबईला जाऊन रांग लावावी लागे. अकरा वर्षांपूर्वी रुग्णालयात नवं इको यंत्र आलं आणि ते काम ध्वनिलहरींवर होऊ लागलं. यंत्र आवाजाचा एक हलकासा धक्का स्नायूला देई. पाण्यात खडा टाकल्यावर उठावा तसा एक तरंग स्नायूतून धावे, आणि दुसरी ध्वनिलहर सेकंदाला हजारो चित्रं काढून त्या तरंगाचा वेग मोजी. मऊ स्नायूत तरंग रेंगाळतो, कडक वणातून झपकन जातो. तार जितकी ताणलेली, तितकी लहर वेगाने पळते, हे मिरजेत तंतुवाद्यं बनवणाऱ्या कुठल्याही कारागिराला वेगळं सांगावं लागलं नसतं. सेकंदाला दोन पूर्णांक सात मीटरच्या वर वेग गेला तर वण आहे असं धरायचं, त्याच्या जरा खाली राहिला तर संशयास्पद.

अडचण एकच होती. हृदय आकुंचन पावताना निरोगी स्नायूसुद्धा कडकच असतो. म्हणून ठोका संपून हृदय पुरतं सैल पडतं आणि पुढचा ठोका अजून सुरू झालेला नसतो, त्या निमिषात मोजायचं. माणूस घाबरलेला असेल, छाती धडधडत असेल, तर ते निमिष आणखी आखूड होतं आणि यंत्राची वेळ चुकते. त्यासाठी पाच ठोके मोजून सरासरी काढायचा नियम होता. रुग्ण हलला किंवा श्वासाने चित्र पुसट झालं, तरच ठोका गाळायचा.

नंदू तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि खो-खोत त्याचं नाव झालं होतं. खांबाला वळसा घालून त्याने मारलेला सूर पाहायला इस्लामपूर, कुरुंदवाडहून पोरं येत. रेल्वेने त्याला खेळाडूंच्या कोट्यातून निवडलं होतं. पंधरा दिवसांनी रुजू व्हायचं होतं. “अक्का म्हणते म्हणून आलोय हं,” असं म्हणत तो तिच्या टेबलावर शर्ट काढून आडवा झाला. हसत होता, पण छातीवर प्रोब टेकवल्याबरोबर त्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला नव्वदच्या वर गेले.

तीन पूर्णांक एक. दोन. तीन. एक पूर्णांक नऊ. दोन पूर्णांक नऊ.

हे पाच आकडे पद्मजाला अकरा वर्षांत एकदाही विसरता आले नव्हते. सगळ्यांची सरासरी अडीचच्या थोडी वर येत होती. म्हणजे ‘संशयास्पद, सहा महिन्यांनी पुन्हा तपासा’. सहा महिने! सहा महिने हा सूर मारणार, आणि आपण रोज फोनची घंटा वाजली की दचकायचं. तिला वर उठलेला आप्पांचा हात दिसला. तिने दुसरा आणि चौथा ठोका निवडला आणि ‘श्वासामुळे हालचाल’ असं कारण टाकून गाळला. उरलेल्या तिन्हींची सरासरी तीन आली. पडद्यावरची चौकट लाल झाली.

चित्र हललेलं नव्हतं, हे तेव्हाही तिला दिसत होतं.

डॉक्टर सबनीसांनी आकडा पाहिला, वडिलांचा आकस्मिक मृत्यू लक्षात घेतला आणि सांगितलं, “पुण्याला एमआरआय करून घेतलात तर बरं.” पद्मजाच म्हणाली, “कशाला थांबायचं, सर? तेवढ्या दिवसांत काही झालं तर?” तीन आठवड्यांनी नंदूच्या गळ्याच्या हाडाखाली एक डबी बसवली. हृदय थरथरायला लागलं की आतून विजेचा धक्का देऊन ते ताळ्यावर आणणारी. डबी बसल्यावर एमआरआयचं चित्र तसंही धड येत नाही. रेल्वेची नोकरी गेली, खो-खो गेला. रुग्णालयाने मात्र पद्मजाचा सत्कार केला. स्थानिक वर्तमानपत्रात फोटो आला: ‘बहिणीने ओळखला भावाच्या हृदयातला काळ’. पुढे ती त्या यंत्रावर शिकवायला लागली. तिच्या हाताखाली साठ-सत्तर तंत्रज्ञ तयार झाले. ठोका गाळायचा नियम ती त्यांना फार कडकपणे शिकवी.

फाइल उघडली त्याच्या पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी नंदूच्या डबीची बॅटरी बदलायची होती. अकरा वर्षांनी ती संपत आली होती. म्हणजे पुन्हा गळ्याखाली चिरायचं, पुन्हा टाके.

रविवारी ती त्याच्याकडे जेवायला गेली. नंदू आता चौतीस वर्षांचा होता. एका हायस्कुलात कारकून होता आणि सुट्टीच्या दिवशी खो-खोच्या सामन्यांना वेळाधिकारी म्हणून बसायचा. ज्या मैदानावर लोक त्याला बघायला यायचे, त्याच मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून तो आता दुसऱ्यांची मिनिटं मोजायचा. अंगाने सुटला होता. जिन्याच्या मधल्या वळणावर थांबायची त्याला सवय लागली होती. दम लागायचा म्हणून नव्हे, लागेल म्हणून.

“ये अक्का, तुझ्यासाठी ज्वारीचीच भाकरी केलीय,” तो म्हणाला. “गुरुवारी माझी पुन्हा सर्व्हिसिंग. डॉक्टरांना म्हणावं, गाडीचं मायलेजही बघून घ्या.”

त्याची बायको त्रिशला हसली नाही. भाकरी वाढता वाढता ती पद्मजाला म्हणाली, “हे असंच काहीबाही बोलतात. पण खरं सांगू का अक्का, तुमच्यामुळे हा माणूस माझ्यासमोर बसून जेवतोय. मी रोज मंदिरात तुमचं नाव घेते.”

सांगायचं म्हणून आलेली पद्मजा वांग्याच्या भाजीची कृती विचारत बसली.

जेवणानंतर नंदू आडवा झाला आणि त्रिशला भांडी विसळायला बसली. पद्मजा मदतीला गेली तशी त्रिशला दबक्या आवाजात म्हणाली, “अक्का, एक विचारू? तुम्ही एकदा यांच्याशी बोला ना. मला तेहतीस पुरी झाली. मला मूल हवंय. आधी म्हणायचे, हा आजार मुलात उतरेल. मी म्हटलं, आता त्याची तपासणी असते, औषधं आलीत. तर म्हणतात, तसं नाही. ‘मी नऊ वर्षांचा असताना बाप गेला, तेवढं पुरे झालं. ज्याच्या छातीत डाग आहे त्याने बाप होऊ नये.’ तुमचं ऐकतात ते. तुम्ही म्हणालात तर...”

“बोलते,” पद्मजा म्हणाली. नळ चालू होता म्हणून बरं. तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

सोमवारी ती डॉक्टर सबनीसांच्या खोलीत गेली आणि वाचकाचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. डॉक्टर आता साठीला आले होते. त्यांनी चष्मा वर करून कागद दोनदा वाचला.

“या दोन ओळी,” ते म्हणाले. “पद्मजा, खरं काय झालं होतं?”

“सर, ते दोन ठोके चांगले होते.”

त्यांनी कागद उपडा करून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “आधी नव्याने तपासू. तू नाही, दुसरं कुणीतरी काढेल. आणि हे बघ, पहिल्या पिढीचं यंत्र होतं ते. वाचकाने आतापर्यंत वीस-बावीस निकाल बदललेत, आणि त्यात कुणी काही गाळलेलं नाही. यंत्रच कच्चं होतं. नंदूला मी तेच सांगेन. खोटं नाही ते.”

“पण त्याच्या बाबतीत खरंही नाही, सर.”

“तुला नोकरी आहे, मुलगी आहे. आणि त्याला एकच बहीण आहे,” सबनीस म्हणाले. “विचार कर.”

मंगळवारी नव्या यंत्रावर नंदूची तपासणी झाली. स्नायू जरासा जाड, वणाचा मागमूस नाही. बुधवारी सबनीसांनी नंदू आणि त्रिशलाला बसवून सांगितलं. जुनं यंत्र कच्चं होतं, डाग कधी नव्हताच. धोका अगदीच नाही असं म्हणता येणार नाही, कारण आजार रक्तात आहेच आणि वडील तसे गेलेत. पण तो पुष्कळ कमी आहे. बॅटरी बदलायची का, हे आता तुम्ही ठरवा.

पद्मजा दाराशी उभी होती. त्रिशला रडायला लागली. नंदूने हात शर्टाच्या आत घालून डबीचा उंचवटा चाचपला, मग पद्मजाकडे पाहून म्हणाला, “यंत्राची चूक, अक्का! तू तोंड का पाडतेस? तुला तरी काय माहीत होतं?”

आणि ती हसली. तेवढं हसणं तिला नंतर सगळ्यात जास्त छळणार होतं.

बुधवार गेला. गुरुवारी सकाळी, जेव्हा नंदू शस्त्रक्रियेच्या टेबलावर असायला हवा होता, तेव्हा तो हायस्कूलच्या मैदानावर होता. मुलींच्या संघाची निवड चालू होती आणि तो घड्याळ घेऊन कडेला बसला होता. पद्मजा गेटमधून आत आली आणि डाव संपेपर्यंत त्याच्यामागे उभी राहिली. मुली पाणी प्यायला गेल्या तशी ती त्याच्या शेजारच्या बाकावर बसली.

“नंदू, यंत्र चुकलं नव्हतं.”

“म्हणजे? डाग आहे?”

“नाही, नाही. डाग नाहीच. पण यंत्राने पाच आकडे दिले होते. तीन वाईट, दोन चांगले. ते दोन मी काढून टाकले.”

त्याला ते लगेच उमजलं नाही. “मी हललो होतो का?”

“नाही.”

“मग?”

“चांगले होते म्हणूनच काढले. सगळे धरले असते तर सहा महिन्यांनी परत तपासा असं आलं असतं. मला सहा महिने काढवले नसते. मला आप्पा दिसत होते.”

नंदूने हातातलं घड्याळ खिशात ठेवलं. मग बाहेर काढलं. पुन्हा ठेवलं. मैदानावर एक मुलगी दोरी ओढून रेषा सरळ करत होती. तो तिच्याकडे बघत राहिला.

“तो धक्का आठवतो तुला?” तो शेवटी म्हणाला. “पाच वर्षांपूर्वी, तासगावची एसटी सुटत होती म्हणून मी पळालो होतो. डबीने धडकन धक्का दिला आणि मी रस्त्यावर आपटलो. डॉक्टर म्हणाले, डबीची गफलत झाली, तुमचं हृदय नुसतं पळाल्याने जोरात चाललं होतं. पण मी त्यानंतर एकदाही पळालो नाही, अक्का. एकदाही नाही. बस सुटू दिली. पाऊस आला तर भिजलो.”

“नंदू...”

“मला विचारायचं होतंस.” त्याचा आवाज चढला नव्हता, तेच तिला सोसत नव्हतं. “‘नंदू, आकडे धड येत नाहीत, काय करू या?’ एवढंच. मी तेवीस वर्षांचा होतो. नऊ वर्षांचा नव्हतो. कदाचित तू म्हणालीस तेच केलं असतं मी. पण ते मी केलं असतं.”

ती रडत होती. त्याने रुमाल पुढे केला नाही.

“काल का नाही बोललीस?”

“सर म्हणाले, यंत्रावर...” ती थांबली. “नाही. मलाच तसं राहावं असं वाटलं. एक दिवस वाटलं.”

“त्रिशलाला तू सांगायचंस,” तो उठत म्हणाला. “मी नाही. मी सांगायला लागलो तर तुझीच बाजू घेईन. सवय लागलीय मला.” आणि शिट्टी वाजवून त्याने मुलींना आत बोलावलं.

पद्मजा तशीच त्याच्या घरी गेली. त्रिशला दारातल्या पायरीवर मेथी निवडत बसली होती. तिने मेथीची पाटी उचलून पद्मजाला आत नेलं, पाणी दिलं. पद्मजाने ग्लासला हात न लावता सगळं सांगितलं. ऐकताना त्रिशलाचे हात जुडी सोडत होते, पानं खुडत होते, काड्या बाजूला टाकत होते. मग ते थांबले.

“लग्नाआधी तुम्ही मला एकटीला भेटायला आला होतात,” ती म्हणाली. “म्हणालात, मुलगा सोन्यासारखा आहे, पण छातीत दोष आहे, नीट विचार करून हो म्हण. किती बरं वाटलं होतं मला. असं खरं सांगणारं माणूस कुठे मिळतं! मी सात दिवस विचार केला, अक्का. तुमच्या आकड्यावर केला.”

पद्मजाने पायाशी पडलेली मेथीची काडी उचलून ढिगात टाकली.

“रविवारी तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मी भांडी विसळताना तुम्हाला जे बोलले, तेव्हा माहीत होतं?”

“हो.”

त्रिशलाने मेथीची पाटी उचलली. “आता जा तुम्ही,” ती म्हणाली. “मला काहीतरी वाईट बोलायचंय, आणि ते मला तुमच्या तोंडावर बोलवणार नाही.”

दुसऱ्या दिवशी पद्मजाने लेखी जबाब दिला. सबनीसांनी तो हातात घेऊन एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुढे पाठवला. रुग्णालयाने चौकशी समिती नेमली. पद्मजाने अठरा वर्षांत काढलेल्या आणि कच्च्या स्वरूपात जपलेल्या प्रत्येक तपासणीतले गाळलेले ठोके वाचकाने तपासले. जिथे जिथे तिने ‘हालचाल’ लिहिलं होतं, तिथे तिथे हालचाल होती. हजारो फायलींत नियम तिने एकदाच मोडला होता. समितीतल्या एका बाईंनी हे तिला धीर देण्यासाठी सांगितलं. तिला ते जास्त लागलं. हात चुकत नव्हता, यंत्र चुकत नव्हतं. परक्या माणसांशी ती शेवटपर्यंत प्रामाणिक राहिली होती.

तिला यंत्रावरून काढून नोंदी विभागात बसवलं. शिकवणं बंद झालं. नवऱ्याने समजूत घातली, मुलीने विचारलं, “नंदूमामा आता आपल्याकडे येत का नाही?” तिने मुलीलाही खरं सांगितलं. बारा वर्षांच्या त्या पोरीने बराच विचार करून म्हटलं, “तू घाबरली होतीस ना? मग त्याला तसं सांग.” सांगितलंय, असं पद्मजा म्हणाली. त्याने काही होत नाही, हे ती म्हणाली नाही.

नंदूने बॅटरी बदलली नाही. महिन्या-दीड महिन्यात डबी बंद पडली आणि त्याच्या छातीत मुकी पडून राहिली. फोन तो उचलत नसे. राखीपौर्णिमेला पद्मजाने पाठवलेली राखी परत आली नाही, पोचल्याचा निरोपही आला नाही.

सात महिन्यांनी एका संध्याकाळी त्रिशलाचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“ते पळायला लागलेत,” ती म्हणाली. “पहाटे उठून मैदानावर जातात. पहिल्यांदा चालायचे, आता चांगले चार-पाच फेरे पळतात. डबी बंद आहे. डॉक्टर म्हणतात, जपून पळायला हरकत नाही. पण मला झोप लागत नाही. ते परत येईपर्यंत मी गॅससुद्धा पेटवत नाही. तुम्ही एकदा सांगा त्यांना थांबायला. डॉक्टरांपेक्षा तुमचं ऐकतील. अजूनही ऐकतील.”

पोत्यांवर आदळलेलं अंग, उधळलेली पिवळी पूड, सगळं एका क्षणात पद्मजाच्या डोळ्यांपुढून गेलं. ‘थांबवते त्याला’ हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले.

“मी नाही सांगणार,” ती म्हणाली.

“आणि काही झालं तर?”

“झालं तर झालं असं मी म्हणत नाहीये, त्रिशला. मला तुझ्याइतकीच भीती वाटते. पण त्याला अडवायचा हक्क होता तेवढा मी वापरून बसले.”

मग त्रिशला म्हणाली, “मग निदान येऊन लांबून बघा तरी. त्यांचा चेहरा वाचता येतो तुम्हाला. मला नाही येत.”

दुसऱ्या दिवशी उजाडताना पद्मजा मैदानाच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहिली. नंदू पळत होता. अंग बरंच उतरलं होतं. पूर्वीचा वेग नव्हता, पण पाऊल टाकायची ढब तीच होती, चवड्यावर, जमिनीला जेमतेम शिवणारी. पहिला फेरा गेला, दुसरा गेला. तिने नकळत त्याच्या श्वासाची लय पकडली. ओठ निळे पडलेत का, मान घामेजलीय का, सगळं ती इतक्या लांबून पारखत होती. त्याने तिला पाहिलं असावं. मान वळली नाही, पण खांदे जरा ताठ झाले.

तिसऱ्या फेऱ्यात, पलीकडच्या गोलपोस्टजवळ, तो अचानक थांबला. वाकला. आणि गुडघ्यावर बसला.

पद्मजा पळत सुटली. चप्पल कुठे गेली तिला कळलं नाही, पदर खाली लोळत होता, खडे पायाला टोचत होते. छातीवर दोन्ही हात ठेवून कसं दाबायचं, मिनिटाला किती वेळा, ॲम्ब्युलन्स कुठून येईल, सगळं डोक्यात एकदम गरगरत होतं. ती त्याच्यापाशी पोचली तेव्हा तिला बोलता येत नव्हतं.

नंदूने मान वर केली. त्याच्या हातात बुटाची लेस होती.

“नाडी सुटली होती,” तो म्हणाला.

ती धापा टाकत उभी राहिली. हसायचं की रडायचं ते तिला उमजेना. त्याने शांतपणे गाठ मारली, दुसऱ्या बुटाचीही घट्ट केली आणि उभा राहिला. तिच्या अनवाणी पायांकडे त्याने पाहिलं. उजव्या अंगठ्यातून रक्त येत होतं.

“अक्का,” सात महिन्यांत पहिल्यांदा तो म्हणाला, “तुला घाबरायचं असलं तर घाबर. मी नको म्हणणार नाही. पण ते तुझ्यापाशी ठेव. माझ्या अंगावर टाकू नकोस.”

तिने मान डोलावली.

मग तो वळला आणि पुन्हा पळू लागला. तिला त्याला हाक मारायची होती. ती मारली नाही. गोलपोस्टला टेकून, हातांच्या मुठी आवळून, ती त्याचा उरलेला फेरा संपायची वाट बघत राहिली.